नुसत्या हवेवर कोण जगतं?

"अहो वहिनी, खिडकीत ते काय टांगलंय? कांद्याची पात वाळत घातली का?"

"पात कसली ताई, झाड आहे ते. एअर प्लांट. आमच्या धाकटीने पुण्याहून आणलं. माती नको, कुंडी नको."

"बिनमातीचं? मग खातं काय, हवा?"

"दुकानदार तसंच सांगतात आणि लोक तसंच ऐकतात. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंनी नव्हती का आणली? हवेवर जगतंय म्हणून टीव्हीवर ठेवून दिली. गणपतीत आलेली झाडं, होळीपर्यंत काड्या झाल्या."

"अगं बाई! मला तर म्हणाल्या, दृष्ट लागली."

"दृष्ट नाही, तहान लागली होती त्यांना."

"पण पाणी पितं कुठून? मूळ तर दिसेना."

"मूळ असतं, पण ते फांदीला धरून बसायला. पानावर ही पांढुरकी लव दिसते ना? बारीक खवले आहेत ते. पाणी ओढायचं काम त्यांचं. टिलँडसिया म्हणतात याला. अननसाच्या कुळातलं. मूळ गाव अमेरिका खंड, पार खाली अर्जेंटिनापर्यंत. सहाशेच्या वर जाती आहेत म्हणे."

"म्हणजे आपलं बांडगूळच की!"

"नाही हो. आंब्यावरचं बांडगूळ फांदीत घुसून रस ओढतं. हे फक्त बसायला जागा मागतं. झाडाचं काही घेत नाही."

"मग आपल्या नगरच्या सावेडीत जगेल? इथं मे महिन्यात माणसं वाळतात."

"जगतं, पण बघावं लागतं. आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटं पाण्यात बुडवायचं, उन्हाळ्यात दोन-तीनदा. काढलं की उलटं धरून झटकायचं आणि पंख्याखाली ठेवायचं. तीन-चार तासांत कोरडं झालं पाहिजे. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की आतून सडतं."

"संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी बुडवलं तर? मला तेव्हाच वेळ असतो."

"नको, सकाळीच. दिवसा पाणी उडू नये म्हणून हे पानांची छिद्रं रात्री उघडतं. रात्री पान ओलं राहिलं तर त्याला हवाच घेता येत नाही."

"बोअरचं पाणी आहे भरपूर."

"तेच नको ताई! आपलं बोअरचं पाणी किती जड! बादलीला पांढरा थर बसतो, तोच पानांवर बसतो आणि खवले बुजतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी तर मुळीच नाही, सगळे क्षार त्यातच उतरतात. नळाला मुळा धरणाचं येतं ते त्यापेक्षा बरं. सगळ्यात चांगलं पावसाचं."

"आणि ऊन?"

"पूर्वेची खिडकी. पश्चिमेचं ऊन लागलं की पान करपतं. आणि बांधायला तांब्याची तार घेऊ नका, तांबं याला विष. नायलॉनचा दोरा घ्या."

"एवढं करून फूल तरी येतं का?"

"येतं, पण एका रोपाला जन्मात एकदाच. हे माझं लहान जातीचं आहे, फुलताना मधली पानं लाल होतात आणि जांभळं फूल निघतं. मग बुडाशी पिलं फुटतात, केळीला फुटतात तशी. आई हळूहळू वाळते. पिलू आईच्या निम्म्याएवढं झालं की बुडाशी धरून अलगद पिळायचं. सुटलं तर सुटलं, नाहीतर राहू द्यायचं."

"घाई केली की काय होतं ते पाहिलंय. मागच्या गल्लीत नव्या सुनेची चूल महिन्यात वेगळी केली, आता रोज सासूच्याच ओट्यावर जेवतात."

"तसंच बघा! बी लावूनही होतं, पण फुलायला वर्षानुवर्षं जातात. कोण थांबतंय?"

"बरं, ऐकलंत का? मास्तरीणबाईंचे जावई म्हणे भंडारदऱ्याहून झाडावरची आमरी, म्हणजे ऑर्किड, खरवडून आणणार आहेत. फुकटात एअर प्लांट."

"त्यांना सांगा, आधी आकाशाकडे बघा. आपल्या नगरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. तिकडच्या घाटघर-रतनवाडीला लोक नगरची चेरापुंजी म्हणतात. जिल्हा एकच, पण तिथल्या धुक्यात वाढलेली आमरी इथल्या गॅलरीत दोन उन्हाळे काढायची नाही. शिवाय तिकडचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, 1986 सालापासून. तिथलं रोप उचलणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे."

"म्हणजे जावई हौसेपायी अडकायचे."

"आणि झाडही मरायचं. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं घ्यावं. डोंगरातली आमरी डोंगरातच बघून यावी, फुलते तेव्हा गुलाबी घोस लोंबतात. बघायला पैसे पडत नाहीत."

"मग मला एक पिलू द्या ना."

"देते, पण पावसाळ्यात. तोवर ते जरा भरू दे. तुम्ही एवढं करा, पहिल्या पावसाने पत्र्यावरची धूळ वाहून जाऊ द्या, मग पन्हाळीखाली ड्रम लावा. वर झाकण घट्ट, नाहीतर डास होतील. ड्रम भरला की या, पिलू घेऊन जा."