साखळी सामन्यांचा जाबता

भीमेच्या अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड, असा दोन तालुक्यांचा शेजार लाभलेल्या वडगाव रासाईत आठ संघांच्या साखळी कबड्डी स्पर्धेचा मसुदा निघाला, तेव्हा कोणी कोणाशी कोणत्या दिवशी खेळावे याचा जाबता तयार करण्यासाठी एक स्वतंत्र संगणक खरेदी करावा, असा ठराव तरुण मंडळींनी एकमताने मंजूर केला. आणि मला ‘कॉम्प्युटरमधले कळते’ अशी जी निराधार वदंता गावात प्रचलित आहे, तिच्या बळावर निवडीची कामगिरी मजकडे आली.

पुण्याच्या विक्रेत्याने सोळा कोरचा प्रोसेसर, चौसष्ट जीबी रॅम आणि पंख्यांतून सप्तरंगी प्रकाश फेकणारे ग्राफिक्स कार्ड, असा सरंजाम पुढे मांडला. या कार्डामुळे सामन्यांची आखणी कशी सुधारेल, अशी पृच्छा करताच तो म्हणाला, “काका, दिसायला भारी आहे!” त्याच्या एकंदर निवेदनातले सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच होते.

वस्तुतः आठ संघांचे सामने 28, दिवस 7, रोजचे सामने 4. खळ्यात तिवडा जागीच राहून बैल भोवती फिरावेत, तसा एक संघ स्थिर ठेवून बाकीचे सात रोज एकेक घर सरकवले की कागदावरच काम फत्ते होते. संघांची नावे आणि दिवसांचा क्रम यांचा भेद न मानल्यास आठ संघांच्या मांडणीचे अवघे 6 प्रकार संभवतात. दहांचे 396, बारांचे 52 कोटी 69 लाख 15 हजार 620, आणि चौदांचे अकरा परार्धांहून अधिक! भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावे परार्धापाशीच थांबविली, ते सुज्ञ होते.

खरी अडचण गणितात नसून अटींत असते. बांधाच्या वादामुळे दोन संघांत अबोला. कोणाची रात्रीची विजेची पाळी, म्हणजे त्याने उसात दारे धरायची की चढाई करायची हा प्रश्न. डेअरीला दूध घातल्यावाचून कोणी मैदानात उतरणार नाही, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला कर्णा बंद. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि पाच मिनिटांची विश्रांती धरता चार सामन्यांना तीन तास पुरतात. परंतु प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची लांबी कोणत्याही यंत्राला आगाऊ कळविता येत नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या मोठ्या लीगचे, प्रत्येक संघाचे हंगामाला 162 सामने असलेले वेळापत्रक हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे दांपत्य 2004 पर्यंत सुमारे पाव शतक सांभाळीत होते. संगणक त्यांच्यापाशीही होता. पण असल्या हजार तक्रारींचा निवाडा पती-पत्नीच करू जाणोत, असे मला वाटते.

अटींची अशी छाननी करणाऱ्या प्रणालीला एकेका कोरचा वेग आणि पुरेशी रॅम लागते, सप्तरंगांचे तिला काही सोयरसुतक नसते. सबब माझा लेखी अभिप्राय असा: आठ जीबी रॅमचा, कोणाचा तरी वापरलेला संगणक पुरेसा आहे, शिल्लक रकमेतून, वीज केव्हा जाईल याचा जाबता कोणाजवळच नसल्यामुळे, उत्तम यूपीएस घ्यावा, आणि त्यातूनही काही उरल्यास प्रिंटर, कारण ग्रामपंचायतीच्या फलकावर छापील कागद लागेपर्यंत येथे कोणताही सामना ठरला असे कोणी मानीत नाही.