ठिगळवादी

ठिगळवादी हा गृहस्थ पुणे, नाशिक, सांगली इथल्या जुन्या बंगल्यांच्या बागांत आढळतो. वय साठीपुढचे, दृष्टी वर. बागेतला 3 बाय 3 मीटरचा गझिबो मुलाने हौसेने आणलेला असतो. छत धड असेपर्यंत ठिगळवादी त्याला ‘नसता खर्च’ म्हणतो. ते फाटले, की ते त्याचे होते.

पॉलिएस्टरचे छत फाटते ते उन्हाने आणि घासण्याने. अतिनील किरणांनी धागा ठिसूळ होतो आणि वाऱ्यावर फडफडून पाइपच्या कोपऱ्यापाशी आधी सुटतो. ठिगळवाद्याच्या मते कारण एकच: शेजाऱ्यांचा बोका.

पहिला उपाय फेविक्विक. ते वाळून काचेसारखे कडक होते आणि घडीवर तडकते. मग दाभण आणि गोधडीचा सुती दोरा. दोरा पावसात कुजतो, तोवर दाभणाच्या प्रत्येक भोकातून थेंब गळू लागतो. एका फाटीच्या चाळीस गळत्या होतात. नायलॉनचा दोरा घ्यावा, ठिगळाचे कोपरे गोल कापावेत म्हणजे ते उचकटत नाहीत, पाइपच्या कोपऱ्यांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी, हे सगळे त्याला ठाऊक असते. पैकी ट्यूब तो गुंडाळतो. ती माळ्यावर असते.

खरा शोध लागतो तो फ्लेक्सचा. वाढदिवस उलटून गेलेला फलक फुकट मिळतो आणि त्यातून पाणी खरोखरच झिरपत नाही. तेव्हापासून चहाला बसलेल्या पाहुण्यांकडे फाटीतून कुणा दादांची अर्धी मिशी आणि ‘हार्दिक शु’ एवढी अक्षरे डोकावतात.

अखेर मुलगा नवे छत मागवतो: ‘दहा बाय दहा’ फुटांचे. 3 मीटर म्हणजे मात्र 9 फूट 10 इंच. त्या दोन इंचांच्या ढिलाईत पाणी साचते आणि त्या वजनाने झोळ वाढत जातो. छतभर 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 90 किलो. दोऱ्या ताणून बांधल्या तर हे टळते. पण ठिगळवादी खालून छत्रीच्या टोकाने ढोसतो. पाणी उतरते, बरेचसे त्याच्याच अंगावर, आणि टोक आरपार जाते.

जुने छत टाकून दिलेले नसतेच. चिंब अंगाने तो माळ्यावर चढतो आणि मिशीचा तुकडा तेवढा नीट कापून आणतो.