ग्रॅन टुरिस्मो ४ सुरू करण्याच्या पद्धती: एक तुलनात्मक विवेचन

ग्रॅन टुरिस्मो ४ हा खेळ डिसेंबर २००४ मध्ये जपानात आला. सातशेहून अधिक गाड्या, दोन थरांची डीव्हीडी आणि हा संसार चालवायला प्लेस्टेशन २ ची ३२ एमबी मेमरी. निर्बंध फोडलेल्या यंत्रावर तो चालवण्याच्या चार प्रमुख पद्धती आहेत. मूळ तबकडी सरळ आत घालणे ही पाचवी. पण तिच्यात मनस्ताप नसल्याने तुलनाकार ती विचारात घेत नाहीत.

पूर्वतयारी म्हणून बाहेरचे प्रोग्राम चालवू देणारे फ्री एमसीबूट घातलेले मेमरी कार्ड आणि तबकडीविना खेळ चालवणारे ओपन पीएस२ लोडर, म्हणजे ओपीएल, लागते. ९०००० मालिकेतल्या बऱ्याच स्लिम यंत्रांवर हे कार्ड चालत नाही. ही माहिती कार्ड घरी आल्यावर मिळते.

पेन ड्राइव्ह ही गरिबाची पद्धत. यंत्राचे यूएसबी १.१ जातीचे, त्यामुळे सेकंदाला जेमतेम एक एमबी हाती लागतो. डीव्हीडी त्याच्या पाचपट देते. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि हा खेळ त्याहून मोठा, म्हणून त्याचे तुकडे करावे लागतात. शिवाय प्रत्येक तुकडा ड्राइव्हवर सलग हवा, नाहीतर ओपीएल अडून बसू शकते. एवढे सोपस्कार झाल्यावर सुरुवातीची चित्रफीत अडखळते. तुलनाकार ती पुन्हापुन्हा पाहतो, स्टॉपवॉच लावतो, वहीत नोंद करतो आणि यंत्र बंद करतो. वास्तविक ट्रॅक एकदा मेमरीत चढला की गाडी सगळीकडे सारखीच पळते. पण त्यासाठी शर्यत लावावी लागते.

हार्ड डिस्क ही खानदानी पद्धत. जुन्या जाड यंत्राला नेटवर्क अडॅप्टर जोडला तरच शक्य. विंडोजला ही डिस्क वाचता येत नाही, त्यामुळे खेळ चढवायला वेगळे सॉफ्टवेअर लागते. पण एकदा बसली की तक्रारीला जागा नाही. ती डिस्क गरगरू लागली की यंत्र अजून जिवंत आहे, एवढे तरी कळते.

नेटवर्कची पद्धत स्लिमवाल्यांसाठी. केबल जोडायची, संगणकावरचे फोल्डर शेअर करायचे आणि विंडोजने सुरक्षेसाठी बंद ठेवलेले एसएमबी १ पुन्हा चालू करायचे. म्हणजे एका खेळासाठी दोन यंत्रे चालू आणि घराचे दार उघडे.

मेमरी कार्डाच्या खाचेत एसडी कार्ड बसवणारा अडॅप्टरही मिळतो. यूएसबीपेक्षा बरा, स्वस्त. याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

निवड अशी करावी: जाड यंत्र असल्यास हार्ड डिस्क, स्लिम असल्यास केबल, आणि मूळ तबकडी शाबूत असल्यास तबकडी. खेळातली प्रगती ८ एमबीच्या मेमरी कार्डावर साठते. फ्री एमसीबूट घातल्यावरही तिथे पुरेशी जागा उरते. खेळातल्या पहिल्या, म्हणजे बी, लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत गाडी ठरलेल्या पट्ट्यात थांबवायची असते. बहुतेक तुलनाकारांच्या कार्डावर तेवढीही नोंद नाही.