नववी पायरी

आमच्या बाबांच्या मते पुण्यात दोनच प्रकारच्या जागा आहेत : पानशेतच्या पुरात बुडालेल्या आणि बुडायच्या राहिलेल्या. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, तेव्हा बाबा आठ वर्षांचे होते आणि शनिवार पेठेतल्या वाड्यात राहत होते. पाणी वाड्याच्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत चढलं. ते ओसरल्यावर आजोबांनी तिथे भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढली. पुढे वाड्याला कितीदा रंग दिला, पण रंगाऱ्याचा ब्रश त्या रेघेपाशी आला की बाबा जिन्यात जाऊन उभे राहायचे. नंतर वाडा गेला, रेघ गेली. नववी पायरी मात्र बाबांनी बरोबर आणली.

त्यामुळे भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायचं ठरलं तेव्हा 'वस्ती सुरक्षित हवी' यावर आमच्याकडे दोन मिनिटांत एकमत झालं. आमच्या घरात इतक्या लवकर एकमत झालं की मला धडकी भरते. ती रास्त होती, कारण सुरक्षित म्हणजे काय हे प्रत्येकानं मनातल्या मनात ठरवलं होतं. बाबांना पाण्यापासून सुरक्षित हवं होतं. आईला चोरांपासून. बायकोला हवा होता रात्री क्लासवरून येणाऱ्या मुलीसाठी उजेडाचा रस्ता. मुलीला, आम्ही चौघं तिच्या मैत्रिणींसमोर काही बोलणार नाही इतकीच सुरक्षितता पुरत होती. मला कर्जाच्या हप्त्यापासून संरक्षण हवं होतं, पण तशी वस्ती पुण्यात नाही.

पहिली जागा एजंटानं सिंहगड रस्त्याच्या बाजूला दाखवली. पडदा नाटकाच्या पहिल्या अंकासारखा सरकवून म्हणाला, "रिव्हर व्ह्यू!" खाली मुठा नदी होती. नदी म्हणजे उन्हाळ्यातली. मधून एक म्हैस शांतपणे पलीकडे चालली होती आणि तिचे गुडघेसुद्धा भिजत नव्हते. बाबा म्हणाले, "आज आपण नदी बघतोय. पावसाळ्यात ती आपल्याला बघायला येईल."

एजंट मुरलेला होता. "काका, आपण निळ्या रेषेच्या बाहेर आहोत," म्हणाला. ही भाषा पुण्यात आता घर घेणाऱ्या प्रत्येकाला शिकावी लागते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधायला मनाई, निळी आणि लालच्या मधे अटी घालून परवानगी. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "धरण फुटलं तर ते कुठल्या रंगात बसतं?" एजंटाला तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला. फोन वाजला नव्हता, तरी आला.

बाबांना हसायची सोय नव्हती. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि याच सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीतल्या लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्या दिवशी बाबांनी जेवताना एक शब्द काढला नाही. फक्त पोळीचा तुकडा हातात धरून ते आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते, ते जास्त वाईट होतं.

मग नदीपासून लांब जाऊ म्हणून सहकारनगरच्या बाजूला गेलो. तिथे आईला २०१९चा सप्टेंबर आठवला. २५ तारखेच्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला आणि नदीचं तोंडही न पाहिलेल्या घरांमधली माणसं गेली. पुण्यात ओढा नकाशावरून पुसता येतो, उतारावरून नाही. हे वाक्य मला तिथेच सुचलं आणि मी म्हणालोही, पण एजंटाची किल्ली नेमकी कुलपात अडकल्यामुळे कोणी ऐकलं नाही.

तिसरी जागा 'हायवे टच' होती. घर विकणाऱ्यांच्या मराठीत 'टच' हा फार मायेचा शब्द आहे. हा हायवे नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा निघाला. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे उतारावर सुटलेल्या एका अवजड गाडीनं एका फटक्यात ४८ वाहनांना 'टच' केलं होतं. बायकोनं बाल्कनीत उभं राहून तो उतार पाहिला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्याचं घर होतं, तरी लावून घेतलं.

प्रत्येक ठिकाणी आमची एक ठरलेली पद्धत असे. एजंट लिफ्टचं बटण दाबून उभा राही आणि बाबा जिन्यानं मोजून नऊ पायऱ्या चढत, वळून खाली बघत, आणि काही न बोलता उतरून येत. एका नव्या टॉवरमध्ये तळाशी तीन मजले नुसतं पार्किंग होतं. नववी पायरी गाड्यांमध्ये कुठेतरी हरवली, आणि बाबा पहिल्यांदाच गोंधळून परत आले. "इथे कळतच नाही कुठे बुडायचं ते," म्हणाले.

आईची पद्धत जास्त शास्त्रीय होती. ती चपला बघायची. फ्लॅट दाखवून झाला की ती इमारतीच्या जिन्यातून हळूहळू उतरे आणि बंद दारांबाहेरच्या स्टँडवरचे जोड मोजे. "दाराबाहेर चांगले बूट राहतात म्हणजे चोर येत नाहीत. नुसत्या झिजलेल्या स्लिपरा असतील तर समजावं, एकदा तरी गेलेत." महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे असतात, बिल्डरनं दिलेली ताब्याची तारीख असते, वकिलाच्या सर्च रिपोर्टात तीस वर्षांचे मालक निघतात. चपलांचा रकाना कुठेही नाही.

एके ठिकाणी फाटकासमोरच पोलीस चौकी होती. बायको खूश झाली. बाबा मात्र चौकीकडे बराच वेळ बघत राहिले. "सरकार उगाच कुठे चौकी बांधत नाही," एवढंच बोलले, आणि तोही व्यवहार बारगळला.

एका एजंटानं मात्र आमची दमछाक ओळखली. "साहेब, एकदम सेफ. सगळा फॅमिली क्राऊड. बॅचलर लोकांना आपण घेतच नाही." मग त्यानं अगदी सहज माझं आडनाव विचारलं. सांगितलं, तर त्याचा चेहरा उजळला. ते उजळणं मला आवडलं नाही. दुसऱ्या कुठल्या आडनावाला तो चेहरा कसा झाला असता, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. घरी येताना मुलगी म्हणाली, "बाबा, मी पुढच्या वर्षी बेंगळुरूला शिकायला गेले की तिथले बॅचलर लोक म्हणजे मीच ना?" रस्ताभर कोणी बोललं नाही. ती जागा पाण्यापासून, चोरांपासून, हायवेपासून सगळ्यांपासून लांब होती, तरी आम्ही घेतली नाही.

शेवटी कोथरूड. कोथरूड सुरक्षित की नाही यावर आमच्याकडे खरं तर एकच आक्षेप निघाला, तोही २०२०च्या डिसेंबरातला. तिथल्या एका सोसायटीत जंगलातून वाट चुकलेला रानगवा शिरला होता. पण त्या प्रकरणात माणसाच्या नव्हे, गव्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. बघ्यांच्या गर्दीला घाबरून ते बिचारं जनावर तासन्‌तास धावत राहिलं आणि पकडल्यावर गेलं. बाबांना गवा चालत होता. "गवा पायऱ्या चढत नाही," म्हणाले.

कोथरूडच्या एका गल्लीतली तीन मजली, जुनी सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भोगवटा पत्र जागेवर, चपला उत्तम. बायको म्हणाली, "दिवसा सगळ्याच गल्ल्या सज्जन असतात. रात्री अकरा वाजता जाऊन बघून ये. आणि एकदा नको, तीनदा." आई म्हणाली, "त्यातली एक अमावास्या असू दे."

मी मुळात व्यवस्थित माणूस. एक छोटी वही घेतली. पहिल्या रात्री पीएमपीच्या थांब्यापासून फाटकापर्यंत पावलं मोजली, ३१२. मग विजेचे खांब मोजले. कोपऱ्यावरची पानाची टपरी किती वाजता बंद होते ते पलीकडच्या झाडाखाली उभं राहून पाहिलं. दुसऱ्या रात्री कोणत्या खिडकीत कधीपर्यंत दिवा असतो त्याची नोंद घेतली. वरच्या एका बाल्कनीत काहीतरी चमकल्यासारखं वाटलं, ते मी वीज समजलो. तिसरी रात्र अमावास्येची. मी झाडाखाली जाऊन जेमतेम उभा राहतोय, तोच तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. पुण्यात अर्ध्या बाचाबाच्या या एका शब्दावर संपतात. मी काहीतरी जुळवेपर्यंत दिवे लागले, बनियन आणि बर्मुड्यातले दोन गृहस्थ खाली आले, शिट्टी वाजवत वॉचमन आला, आणि एका मुलानं मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर मारून जाहीर केलं, "हाच तो!"

मी म्हणालो, "अहो, मी घर बघतोय."

"तेच म्हणतोय आम्ही," एक बनियन म्हणाली. दुसरीनं माझ्या हातातली वही काढून घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जे मला लिहिताना अतिशय निरागस वाटलं होतं, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मलाच माझी भीती वाटायला लागली. "खांब ७, चालू ५. कुत्री ३, एक भुंकतं, दोन झोपतात. वॉचमन ११.२०ला झोपला. दुसरा मजला रिकामा. तळमजला डावीकडे म्हातारी एकटी, खिडकी उघडी. फाटकावर नोटीस आहे, अंधारामुळे वाचता आली नाही."

वॉचमननं टॉर्च फाटकाकडे वळवला. नोटिशीवर माझाच फोटो होता. दुसऱ्या रात्रीचा, बाल्कनीतून काढलेला, झाडाखाली वहीत काहीतरी लिहिताना. खाली ठळक अक्षरांत मजकूर : 'सदर इसम सोसायटीच्या परिसरात संशयास्पदरीत्या वावरताना आढळल्यास त्वरित कळवावे. – हुकुमावरून.'

"११२ला फोन लावू का?" मुलानं उत्साहानं विचारलं.

"थांब," तळमजल्यावरच्या काकू बाहेर येत म्हणाल्या. "आधी म्हातारी कुणाला म्हणाला ते विचार."

मी बायकोला फोन केला. पंधरा मिनिटांत ती स्कूटरवरून आली, मागे बाबा. मला वाटलं, आता वडील म्हणून बाबा चार शब्द माझ्या बाजूनं बोलतील. बाबा स्कूटरवरून उतरले, जमलेल्या सगळ्यांना एकदा नमस्कार केला आणि सरळ जिन्यात शिरले. अमावास्येच्या रात्री पावणेबारा वाजता सगळी सोसायटी आपला जिना चढणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्याकडे बघत होती. बाबा मोजून नऊ पायऱ्या चढले, वळले आणि त्यांनी खाली पाहिलं.

"इथे नाही येणार," ते समाधानानं म्हणाले.

"काय नाही येणार?" बनियन ओरडली.

काकूंनी मात्र बाबांकडे डोळे बारीक करून बघितलं. "पानशेत?" त्यांनी विचारलं. "कुठे होतात तुम्ही?"

"शनिवार पेठ. आणि तुम्ही?"

"नारायण पेठ. आमच्याकडे माळ्यापर्यंत."

त्यानंतर माझी केस कोणाला आठवली नाही. काकू आणि बाबा जिन्यात बसून कुणाचा वाडा कोणत्या बाजूनं बसला, कुणाच्या घरात चिखल कुठवर होता, वाहत आलेलं पितळी पिंप कुणाचं निघालं, यावर अर्धा तास बोलत होते. बनियनवाल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली. वॉचमननं वही परत दिली, पण त्या ११.२०च्या नोंदीबद्दल तो माझ्यावर जरा रागावलेला दिसला. काकू उठताना बायकोला म्हणाल्या, "मुलगी किती वाजता येते क्लासवरून? साडेनऊ? हरकत नाही, मी खिडकीतच असते." मग माझ्याकडे वळून, "एकटीच."

घर आम्ही घेतलं. नोंदणीच्या वेळी वकील म्हणाले, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. बायको म्हणाली, "चला, कोण सुरक्षित ते तरी ठरलं." सही तिनं केली, हप्ते मी भरतो.

राहायला येऊन आठ महिने झाले. साडेनवाला मुलगी गल्लीत वळली की तळमजल्याच्या खिडकीचा पडदा हलतो. मुलीला हे अजिबात आवडत नाही, आणि तिचं कुठलंही येणंजाणं आता गुप्त राहत नाही. बंद असलेल्या दोन खांबांवर दिवे लागले. माझ्या वहीतला आकडा काकूंनी वॉर्ड ऑफिसला अर्जात जसाच्या तसा घातला होता.

नोटीस मात्र अजून फाटकावर आहे. आता प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाळ्यासाठी. मी सेक्रेटरींना दोनदा भेटलो. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण लावायचा ठराव कमिटीत झालेला आहे, काढायचा तर ठरावच लागेल. सर्वसाधारण सभेत घेऊ, सप्टेंबरअखेर." बाबांचं मत विचारलं तर ते म्हणाले, फोटो बरा आलाय.

जुना वॉचमन गेल्या महिन्यात गावी गेला. परवा ऑफिसातून यायला मला साडेअकरा वाजले. नवा मुलगा जागा होता. अदबीनं फाटक उघडून त्यानं माझी बॅग धरली आणि आवाज खाली आणून फोटोकडे बोट दाखवलं.

"साहेब, एवढ्या रात्री एकटे येत जाऊ नका. हा माणूस अजून सापडलेला नाही."