डिस्प्लेकाका

डिस्प्लेकाकांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमनला लागतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात एक स्क्रूड्रायव्हर, एक खोडरबर आणि एक पेन-पेन्सिल असते. पेन तेवढं नसतं. सही करायची वेळ आली की ते दुसऱ्याचं मागून घेतात.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर 2001 सालचे काही लेख अडकले होते. युनिकोड घरोघरी पोचण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. लॅपटॉपवर उघडले की मराठीच्या जागी नुसते कंस आणि टिंबं. म्हणून माळ्यावरचं ते धूड खाली काढलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर मात्र अमावास्या. "काकांना बोलावू नकोस हं, रविवार आहे," बायको म्हणाली. तोवर काका दारात उभे होते. बंद पडद्याचा वास त्यांना जिन्यातच येतो.

"काय बोलतंय?"

"पडद्यावर काहीच येत नाही, काका."

"पडद्याचं विचारलं का मी? बोलतंय काय?"

त्यांनी बटण दाबलं, डोळे मिटले आणि मैफलीतल्या पहिल्या रांगेतल्या जाणकारासारखी मान तिरकी केली. पीऽऽप, पिप, पिप.

"एक लांब, दोन आखूड. अवॉर्डचा बायोस. डिस्प्ले कार्ड रुसलंय."

इतकं मन लावून त्यांना काकूंचं बोलणं ऐकताना मी कधी पाहिलेलं नाही.

कार्ड उपसून त्याच्या सोनेरी दातांवर त्यांनी खोडरबर फिरवलं, चुरा झटकला आणि कार्ड परत खाचेत बसवलं. चित्र आलं. पण सगळं पिवळं, नवरदेवाला हळद लावावी तसं. मी हिरमुसलो. काकांचा चेहरा उजळला. अजून काम शिल्लक होतं!

"लाल येतोय, हिरवा येतोय, निळा वाटेत अडकलाय. लाल आणि हिरव्या उजेडाची बेरीज पिवळी होते. केबल काढ."

मी प्लगमध्ये डोकावलो. "काका, मधल्या ओळीतली एक पिन तुटलीय!"

"ती नऊ नंबरची. पुष्कळ केबलींना ती मुळात नसतेच. जी नाही तिच्यासाठी रडू नये. वरच्या ओळीतली तिसरी बघ, कशी मान टाकलीय."

पेन-पेन्सिलचं टोक त्या पिनेवर टोपीसारखं चढवून त्यांनी ती हलकेच सरळ केली. हात चालू असताना तोंडाने पंधरा पिनांच्या प्लगची कुळकथा. 1987 साली आयबीएमने पीएस/2 मशीनबरोबर तो आणला. काकांचं लग्नही त्याच वर्षीचं, आणि काकू म्हणतात की लग्नाचं साल त्यांना प्लगमुळेच आठवतं.

रंग आले. विंडोज 98 उघडतंय तोच पडदा पुन्हा काळा आणि मधोमध 'आउट ऑफ रेंज'. जुना डबडा मॉनिटर मी भंगारवाल्याला देऊन टाकला होता आणि आता चपटा जोडला होता, हे कबूल करावं लागलं. काका क्षणभर गप्प झाले. त्या डबड्याला एक बटण असायचं म्हणे. दाबलं की ठण्ण आवाज होऊन चित्र थरथरायचं आणि शेजारच्या स्पीकरच्या चुंबकाने पडलेले रंगांचे डाग पुसले जायचे. "तसा आवाज आता ऐकायला मिळत नाही," ते म्हणाले. मग सावरून दोष सांगितला: जुन्या मॉनिटरसाठी 85 हर्ट्झ ठरवून ठेवलेलं, या चपट्याला 75च्या वर झेपत नाही. सुरू होतानाच एफ8 दाबून सेफ मोड. 640 बाय 480, रंग मोजून सोळा. तिथे जुन्या मॉनिटरची नोंद काढून टाकली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

लेख उघडले. 2001 साली मी बरं लिहीत होतो. काकांना वाचून दाखवायला वळलो तर ते चपला शोधत होते.

"काका, चहा तरी घ्या."

"चालू झालं ना? मग आता काय बसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. "पिवळं नाही ना झालं परत?" नाही म्हटलं, तर आवाजच पडला. तेव्हापासून रोज फोन येतो आणि रोज मला त्यांची निराशा करावी लागते. तुमच्याकडे माळ्यावर एखादा जुना कॉम्प्युटर असेल तर कृपया कळवा. चालू असलेला नको.