तारीख बदलली, तर व्हीलचेअर का गेली?

तिकिटं बदलून देणारा बोलका यंत्र-मदतनीस ज्यांनी बनवला, त्या मंडळींस,



माझ्या आईच्या विमानप्रवासाची तारीख एक दिवस पुढे न्यायची होती, बस. तुमच्या मदतनिसाने तारीख बदलली, 'तुमचं काम झालं' असं गोड शब्दांत कळवलं आणि तिकिटावरची व्हीलचेअरची नोंद पुसून टाकली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माझी आई विमानतळावर काउंटरसमोर ताटकळत उभी राहिली. तक्रार केली, तर तुमचं उत्तर आलं: 'यंत्र अजून शिकत आहे.'

यंत्र शिकेल तेव्हा शिकेल, तुम्ही कधी शिकणार? हा धडा 1969 सालचा आहे. त्या वर्षी जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी हेच दुखणं तर्कशास्त्राच्या भाषेत मांडलं. एखादी कृती काय बदलते, हे लिहिणं सोपं. पण बाकीचं सगळं होतं तसंच राहतं, हे तर्कशास्त्र आपणहून धरून चालत नाही. तेही लिहावं लागतं. 20 कृती आणि 100 नोंदी असतील तर 2,000 जोड्या होतात, आणि त्यातल्या बहुतेकांपुढे लिहायचं एकच: 'काही बदललं नाही'. याला फ्रेम प्रॉब्लेम म्हणतात. तुमच्या क्षेत्रात राहून हे नाव कानावर आलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मग तोडगा निघाला की, उलट काही कळेपर्यंत सगळं जैसे थे समजावं आणि कमीत कमी बदल मानावेत. 1986 मध्ये येल विद्यापीठातल्या स्टीव्ह हँक्स आणि ड्रू मॅकडरमॉट यांनी एका छोट्याशा गोष्टीने तो उघडा पाडला. बंदूक भरली, थोडं थांबलो, फ्रेडवर झाडली. फ्रेड मेला, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या नियमांना दुसरी गोष्टही तितकीच पटत होती: थांबलो तेवढ्यात बंदूक आपोआप रिकामी झाली आणि फ्रेड वाचला. कोणी हात न लावता एक नोंद बदलली आणि नियमांना त्यात काही वावगं दिसलं नाही. आईच्या तिकिटाचं याहून वेगळं काय झालं?

तिढा सुटला तो नुसत्या भरवशाने नाही, शिस्तीने. टोरांटोच्या रे रायटर यांनी 1991 मध्ये दाखवलं की प्रत्येक नोंदीसाठी एकच नियम पुरतो: कृतीनंतर ती खरी असेल, जर कृतीने ती खरी केली, किंवा ती आधीच खरी होती आणि कृतीने ती खोटी केली नाही. 2,000 विधानांचं ओझं नोंदींच्या संख्येएवढं झालं. अट एकच, नोंद बदलू शकणारी सगळी कारणं आधी ठाऊक हवीत.

'खऱ्या जगात सगळी कारणं कोण मोजणार?' असं तुम्ही म्हणाल. रस्त्यावरच्या यंत्रमानवाबद्दल बोलत असाल तर मान्य. तिथे हा प्रश्न अजून अवघडच आहे. पण तिकीट म्हणजे उघडं जग नव्हे. त्यात मोजक्या नोंदी, मोजक्या कृती, आणि दोन्ही तुम्हीच ठरवलेल्या. रायटर यांची अट जिथे सहज पाळता येते, नेमकं तिथेच तुम्ही ती धाब्यावर बसवलीत. तारीख बदलताना जुनं तिकीट रद्द करून नवं काढलं जात असेल, तर रद्द केल्यावर व्हीलचेअरची नोंदही जाते, हे कुठे लिहून ठेवलंय तुम्ही? यंत्राला अदबीने बोलायला शिकवलंत. आपण काय मोडलं, हे त्याला कळायची सोय केली नाहीत. हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि त्याची झळ उभं राहता न येणाऱ्या माणसांना बसते.

म्हणून माझी मागणी. मदतनिसाच्या प्रत्येक कृतीपुढे ती कधी करता येते आणि काय काय बदलते, हे लिहा. कृतीनंतर जुनी नोंद नव्या नोंदीशी ताडून पाहा. यादीबाहेरचं काही बदललेलं दिसलं तर 'काम झालं' म्हणायचं नाही, माणसाला बोलवायचं. ही यादी प्रवाशांनाही वाचता येईल अशी जाहीर करा.

उत्तर लेखी पाठवा, आणि ते यंत्राकडून लिहून घेऊ नका.

कळावे,
एका प्रवासी बाईंचा मुलगा