गेममधून कोडिंग : क्लास कसा लावावा

पहिली पायरी, घाबरणे. काही पालक एकदम फी किती म्हणून विचारतात. ते चूक आहे. भीती नीट मुरल्याशिवाय फी अंगी लागत नाही. पनवेलमध्ये यासाठी फार लांब जावं लागत नाही. संध्याकाळी वडाळे तलावाला दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या फेरीत कुणाची तरी मुलगी पायथॉन शिकतेय असं कळतं, दुसरी फेरी संपेपर्यंत तिनं ॲप काढलेलं असतं. मग घरी येऊन आपल्या मुलाकडे पाहावं. तो सोफ्यावर उलटा लोंबकळत चिवडा खात असेल, तर भीती बरोबर बसली असं समजावं.

ही भीती खानदानी आहे. आमच्या काकांना ती एमएस-सीआयटीनं घातली होती, माझ्या मोठ्या पुतण्याला ॲबॅकसनं, धाकट्याला फोनिक्सनं. कोडिंगचा नंबर २०२० मध्ये लागला. लॉकडाऊन होतं, मुलं घरात होती, आणि २९ जुलैला नवं शैक्षणिक धोरण आलं. सहावीपासून मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी, असा त्यात उल्लेख आहे. धोरण बरंच मोठं आहे, पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यातली ही एकच ओळ पोचली, आणि पोचेपर्यंत ‘करून द्यावी’चं ‘सक्तीची’ झालं होतं.

त्याच वर्षी वुल्फ गुप्ता नावाचा मुलगा घरोघरी गेला. व्हाइटहॅट ज्युनिअर ही २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी, तिच्या जाहिरातीतला हा मुलगा. कोडिंग शिकला आणि गूगलनं त्याला कोटींचं पॅकेज दिलं. वय कधी नऊ, कधी तेरा. पगारही जाहिरातीगणिक वेगळा. असा मुलगा मुळात नव्हताच, हे पुढे उघड झालं. जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे एएससीआयनं, लक्ष घातल्यावर कंपनीनं पाच जाहिराती मागे घेतल्या. दरम्यान ऑगस्टमध्ये बायजूजनं ही कंपनी ३० कोटी डॉलरला विकत घेतली होती, आणि २०२४ च्या जुलैत बायजूजचंच दिवाळखोरीचं प्रकरण सुरू झालं. या सगळ्यात मला हळहळ वाटते ती वुल्फची. इतकं पॅकेज, आणि पोरगं जन्मालाच आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं होऊनही लोक पैसे का भरतात? हा प्रश्न पनवेलबाहेरच्या माणसाला पडतो. आमच्या नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली आणि उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला. मधली अठरा वर्षं आम्ही ‘विमानतळापासून दहा मिनिटं’ अशा पाट्या वाचून फ्लॅट घेत होतो. भविष्य हप्त्यानं विकत घ्यायची आम्हाला सवय आहे.

दुसरी पायरी, संशोधन. हे लोकलमध्ये करावं. गाडी इथूनच सुटत असल्यानं पनवेलकराला खिडकी मिळते, आणि सीएसएमटीपर्यंत ऐंशीएक मिनिटं हातात असतात. तेवढ्यात माणूस कुठल्याही विषयातला जाणकार होतो. मी खांदेश्वरला ‘मुलांसाठी कोडिंग गेम’ एवढंच शोधलं. मानसरोवरला जाहिरात आली, आणि वाशीच्या खाडीपुलावर गाडी असताना फोन. म्हणजे संशोधन आपण करायचं नसतं, कंपन्याच आपल्यावर करतात. पूल संपला की मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, मुलं कशी शिकतात याचाच अभ्यास करणारी संस्था, १९७४ पासूनची. पण मी फोनवर असल्यामुळे मानखुर्द कधी गेलं ते कळलं नाही.

फोनवरच्या मॅडमना काउन्सेलर म्हणतात. त्या विचारतात, “सर, बच्चे को आगे क्या बनाना चाहते हैं?” याचं योग्य उत्तर ‘सीईओ’ असं आहे. मी म्हणालो, “आधी सहावीत तरी जाऊ दे.” पलीकडे शांतता पसरली. अशा शांततेत आपल्यालाच ओशाळं वाटतं आणि आपण डेमोला हो म्हणतो.

तिसरी पायरी, डेमो क्लास. तो फुकट असतो. मुलाला अंघोळ घालून, भांग पाडून, मागचे दोरीवरचे कपडे काढून लॅपटॉपसमोर बसवावं. लॅपटॉप नसला तर ऑफिसचा वापरावा आणि कुणाला सांगू नये. आमच्याकडे क्लास सुरू झाला, ताईंनी पोराला ‘यू आर अ जिनियस’ म्हटलं, पोरानं तीन ठोकळे एकाखाली एक लावले, आणि अकराव्या मिनिटाला लाईट गेली. वायफाय गेलं. चिरंजीव चिवड्याकडे परतले. लाईट आली दुपारी, आणि मेल उघडून बघतो तर प्रमाणपत्र! क्लास ‘उत्कृष्ट’ श्रेणीत पूर्ण केल्याबद्दल, सोनेरी कडा, खाली सही. आई म्हणाली, “फ्रेम करून लाव, लाईट गेल्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.”

संध्याकाळी मॅडमचा फोन. हा कॉल स्पीकरवर ठेवावा, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं शिक्षण होतं. मी विचारलं, लाईट गेली तर क्लास परत घेता का? “सर, वो प्रीमियम में आएगा.” मग आकडा आला. १४४ क्लास, प्रत्येकी ६०० रुपये, म्हणजे ८६,४०० आणि वर अठरा टक्के जीएसटी, एकूण १,०१,९५२. नंतर चिरंजीवांनी सांगितलं की दिवसाचे सेकंदही बरोब्बर ८६,४०० च असतात. हे त्याला शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं, जीएसटी न लावता.

“नो कॉस्ट ईएमआय है सर, सिर्फ ८,४९६.” इथे नवख्या पालकानं थोडं थांबावं. हा ईएमआय म्हणजे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीनं तुमच्या नावावर दिलेलं कर्ज. पोरानं क्लास सोडला तरी कर्ज तुम्हाला सोडत नाही. दुसरा सापळा ऑटोपेचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्ये पालकांसाठी सूचनाच काढली होती : पैसे आपोआप वळते होणारा पर्याय टाळा, ‘फुकट’च्या मागची अट वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याआधी चोवीस तास मेसेज यावा लागतो. तो येतोही, पण लोन घ्या, प्लॉट घ्या आणि केवायसी करा यांच्या मधोमध येतो. बिनसलंच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. माझ्या फोनमध्ये तो ‘मामा’ नावानं सेव्ह आहे, म्हणजे मॅडमचा कॉल चालू असताना “थांबा, मामांना विचारतो” म्हणता येतं.

आता खरी मेख. ‘गेममधून कोडिंग’ म्हणजे नेमकं काय? या एका नावाखाली तीन निरनिराळे माल विकले जातात, आणि दुकानदार ते कधीच वेगवेगळे मांडत नाही. एकात गेम फक्त वेष्टणापुरता असतो. पडद्यावर राक्षस, राक्षसाच्या पोटात बहुपर्यायी प्रश्न, उत्तर बरोबर आलं की नाणी खळखळतात. हा आपला जुना प्रश्नसंचच, फक्त त्याला शिंगं लावली आहेत. दुसऱ्यात आज्ञा देऊन पात्राला चालवायचं असतं. कोड डॉट ऑर्गच्या ‘अवर ऑफ कोड’मध्ये, २०१३ पासून, मुलं ठोकळे जोडून ओळखीच्या पात्रांना चक्रव्यूहातून बाहेर काढतात. कोडकॉम्बॅटमध्ये तर टाईप करावं लागतं, उजवीकडे जा असं पायथॉनमध्ये लिहिल्याशिवाय हिरो हलत नाही, आणि एक अक्षर चुकलं तर ढिम्म उभा राहतो. दहा-अकरा वर्षांच्या पोराला हे बरं. स्पेलिंग चुकल्यावर बाई रागावतात हे त्याला माहीत असतं, हिरो मरतो हे नवीन असतं.

तिसऱ्या प्रकारात गेम खेळायचा नसतो, करायचा असतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आमच्या शाळेत कम्प्युटर रूम होती. बूट बाहेर, रांग आत, एका यंत्रावर तिघं. पडद्यावर एक कासव. एफडी १०० लिहिलं की ते शंभर पावलं पुढे जायचं, आरटी ९० म्हटलं की उजवीकडे काटकोनात वळायचं. चार वेळा केलं की चौकोन. त्या भाषेचं नाव लोगो. ती १९६७ मध्ये अमेरिकेत जन्मली, सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. परीक्षेत ‘लोगो म्हणजे काय’ असा प्रश्न दोन मार्कांना होता. त्याच पॅपर्टच्या परंपरेतले मिचेल रेझनिक आणि त्यांच्या एमआयटीतल्या चमूनं २००७ मध्ये स्क्रॅच आणलं, म्हणजे आमच्या विमानतळाला तत्त्वतः मंजुरी मिळाली त्याच साली. फरक एवढाच की हे लगेच चालू झालं. रंगीत ठोकळे, नारिंगी मांजर, साधारण आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी, आणि फुकट. यात नंतर कुणाचाही फोन येत नाही. त्याहून लहानांना स्क्रॅच ज्युनिअर आहे, तेही फुकट.

फुकट असल्यामुळे माझा त्यावर विश्वास नव्हता. तरी एका रविवारी पोराला उघडून दिलं. मांजरानं वडा खायचा, असा गेम त्यानं ठरवला. ‘सतत’वाल्या ठोकळ्याच्या पोटात त्यानं लिहिलं : वड्याला लागलं, तर गुण एकानं वाढव. हिरवा झेंडा दाबला, मांजर वड्याला एकदा चिकटलं, आणि गुण झाले त्रेचाळीस. पोराला वाटलं कम्प्युटर फितूर आहे. मलाही काही सुचेना. त्यानं मांजर हळूहळू नेऊन पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. कम्प्युटर सेकंदाला तीसेक वेळा विचारत होता, लागलं का, लागलं का, आणि दर वेळी एक गुण टाकत होता. मग त्यानं मध्ये एक सेकंद थांबायचा ठोकळा घातला. एक वडा, एक गुण. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आई म्हणाली, “बघू, मला दे.” तिनं मांजर वड्यावर नेऊन ठेवलं आणि कुकरकडे गेली. तिसरी शिट्टी झाल्यावर गॅस बंद करून, हात पुसत परत आली, तर तिचे गुण ३१२. चिरंजीवांचा विक्रम चोवीसचा होता. “आजी, तू खेळलीच नाहीस!” “अरे, नुसतं बसून खाल्लं तरी तुझा कम्प्युटर मार्क देतो, त्याला मी काय करू?” पोरगं तास दीड तास खाली मान घालून बसलं. शेवटी त्यानं असं केलं की मांजर लागलं की वडा उडी मारून भलतीकडे जातो. मग आईचे गुण सातावर आले आणि तिनं खेळ सोडून दिला.

म्हणून क्लास निवडताना काउन्सेलरला एकच विचारावं : यात माझ्या मुलाला स्वतःचं काहीतरी चुकीचं बनवता येईल का? “नहीं सर, सब गाइडेड है” असं उत्तर आलं तर तो पहिला माल. अडेल तिथे नेमका प्रश्न विचारणारी ताई हवी, आणि ती मिळत असेल तर तिचे पैसे जरूर द्यावेत, महिन्याचे महिन्याला. आजी असेल तर तेही वाचतात.

भाषेचं एक. बहुतेक क्लास इंग्रजीत चालतात, आणि मूल ‘लूप’ समजत नाही म्हणून अडलंय की ‘अनटिल’ कळत नाही म्हणून, हे पालकाला ओळखता येत नाही. त्यासाठी एक तोडगा आहे. लिथुआनियात २००४ मध्ये बेब्रास नावाची स्पर्धा सुरू झाली. बेब्रास म्हणजे बीव्हर, नदीला बांध घालणारा प्राणी. आपल्याकडे ती एसीएम इंडियाची सीएसपाठशाला भरवते, मराठीतही. त्यात कोड लिहायचा नसतो, नुसती कोडी सोडवायची असतात. त्यातलं एक कोडं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तर दोन इंजिनिअर अजून भांडताहेत.

चौथी पायरी, नकार कळवणे. ती मला अजून जमलेली नाही. परवा मॅडमचा नववा की दहावा फोन होता, स्पीकरवरच. त्या बोलत होत्या आणि पोरगं टेबलावर नवा गेम करत होतं. एक माणूस बॅग घेऊन पनवेल स्टेशनच्या जिन्यावरून पळतो, खाली ७:५८ ची लोकल उभी. माणसाचं टक्कल पाहून तो कोण हे विचारायची गरज नव्हती. फोन ठेवल्यावर मी खेळून पाहिला. सहा वेळा पळालो, सहाही वेळा दाराला हात लागायच्या आत गाडी सुटली.

“अरे, काहीतरी चुकलंय तुझं.”

“चुकलं नाहीये. तू पोचलास की ती सुटते, तसंच लिहिलंय.”

“मग तो थांबायचा ठोकळा टाक ना. एक सेकंद.”

त्यानं लॅपटॉपवरून नजर न काढता मॅडमचा आवाज काढला. “सर, वो प्रीमियम में आएगा. आज के आज लोगे तो चालीस परसेंट ऑफ.”